आयटी विभाग नव्याने हाती घेतलाय आणि सगळं एकाच माणसावर अडलंय. सुरुवात कुठून करू?

नवा_कारभारी

नमस्कार मंडळी.

नुकतीच आमच्या कंपनीच्या आयटी विभागाची सूत्रं माझ्याकडे आली आहेत. कंपनी उत्पादनातली, सॉफ्टवेअर विकणारी नाही. त्यामुळे नेटवर्क, सर्व्हर, ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), लॅपटॉप, पासवर्ड, प्रिंटर आणि "जरा बघता का" म्हणून येणारं जे काही असेल ते सगळं आमच्याच गळ्यात. टीम अकरा जणांची. मी याआधी इथेच ईआरपीचे प्रोजेक्ट बघत होतो. तांत्रिक बाजू कळते, माणसं सांभाळण्याचा अनुभव मात्र नाही.

आमच्याकडे एक सीनिअर आहेत, टीममध्ये सगळे त्यांना दादा म्हणतात. ईआरपीचा डेटाबेस, बॅकअप, फायरवॉल, महिनाअखेरचे जॉब, सगळं त्यांच्या डोक्यात. लिहून ठेवलेलं जवळपास काहीच नाही. माणूस इतका भला की कुणाला नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. रात्री अडीचला फोन केला तरी उचलतात. मध्यंतरी ते तापाने आडवे झाले आणि नेमकी तेव्हाच डिस्पॅचची लेबलं छापणारी सर्व्हिस बसली. माल बांधून तयार, गाड्या गेटवर उभ्या, आणि लेबल नाही म्हणून काहीच हलेना. आमच्यातल्या तिघांनी दुपारभर डोकं लावलं. सर्व्हिस चालू व्हायची आणि लगेच पडायची. शेवटी दादांनी अंथरुणातून फोनवर सांगितलं की आधी अमुक फोल्डरमध्ये अडकलेली फाइल हलवा, मग सर्व्हिस चालू करा. पाच मिनिटांत काम झालं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

दुसरी गोष्ट. वर जाणाऱ्या मासिक रिपोर्टात एसएलए (ठरलेल्या वेळेत सोडवलेल्या तक्रारी) ९६ टक्के, सगळं हिरवंगार. आणि जिन्यात कुणीही विभागप्रमुख भेटला की तक्रार सुरू. पॅचिंग (सॉफ्टवेअरमधल्या फटी बुजवणारे अपडेट लावणं), जुने सर्व्हर बदलणं, ही कामं दर वेळी पुढच्या तिमाहीत ढकलली जातात. वरून सूचना अशी की टीम शंभर टक्के कामात दिसली पाहिजे. कुणी मोकळं दिसलं तर माणूस कमी होईल.

दादांना न दुखावता त्यांच्यावरचा भार कसा उतरवू? बाकीची मुलं तयार कशी करू? ज्यांनी असा विभाग प्रत्यक्ष सांभाळलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रात्रपाळी

मी इंजिनिअर आहे, मॅनेजर नाही, आणि आधीच्या नोकरीत तुमच्या दादांच्या जागी होतो. त्या बाजूने सांगतो.

त्यांना "डॉक्युमेंटेशन करा" एवढं सांगून सोडू नका. दिवसभर आगी विझवून दमलेला माणूस संध्याकाळी लिहायला बसत नाही, आणि बसला तरी जे लिहितो ते फक्त त्यालाच कळतं. मला दर अप्रेझलला हेच उद्दिष्ट मिळायचं आणि दर अप्रेझलला ते अपुरं राहायचं. केटीचंही (आपलं काम दुसऱ्याला समजावून देण्याच्या बैठकीचंही) तसंच. दोन तास स्क्रीन शेअर, सगळे म्यूटवर, आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा कुणी उघडत नाही.

आधी त्यांच्या फोनकडे बघा. त्यांच्याकडे कामं तिकिटातून, म्हणजे हेल्पडेस्कवर नोंदवलेल्या तक्रारीतून, येत नसणार. लोक थेट फोन करतात, डेस्कपाशी येऊन उभे राहतात, चॅटवर "एकच मिनिट" म्हणतात. यातलं काहीही तुमच्या ९६ टक्क्यांत मोजलं जात नाही, म्हणजे त्यांचं बरंचसं काम कंपनीला दिसतच नाही. हे थांबवणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांच्या वतीने नाही म्हणणारा दुसरा कुणीतरी हवा, आणि ते तुम्हीच. सगळ्या विभागप्रमुखांना तुमच्या नावाने मेल जाऊ दे की फोन हेल्पडेस्कला करायचा, दादांना नाही. तरीही जे करतील त्यांचे फोन सुरुवातीला दादांनी तुमच्याकडे वळवायचे. लोक एक-दोनदा तुमच्याशी बोलले की सवय लागते.

ऑन-कॉलचा रोस्टर लावा, आणि रात्री ज्याची झोप मोडली त्याने दुसऱ्या दिवशी उशिरा यायचं हा नियमच करा. आमच्याकडे "मागितलं तर देऊ" असं होतं. कुणीच मागायचं नाही.

आणि त्यांना पुढे काय करायचंय ते विचारा. मला हे पहिल्यांदा विचारलं ते एचआरने, राजीनामा दिल्यावर.

सर्व्हररूमवाली

रात्रपाळी यांनी फोनचं जे लिहिलंय ते आधी करा, माझं नंतर वाचा.

मी बरीच वर्षं उत्पादन आणि वितरण कंपन्यांमध्ये आयटी विभाग सांभाळते आहे. माझं ठाम मत आहे की तुमचा प्रश्न दादा नाहीत. विभागात काम कुठल्या वाटेने येतं, कुणाकडे जातं आणि शाबासकी कशाला मिळते, यातून असे दादा घडतात. हे तसंच ठेवून ते उद्या सोडून गेले तर थोड्याच काळात दुसरे दादा तयार होतील, आणि तो मुलगा आत्ता तुमच्या टीममध्ये सगळ्यात हुशार म्हणून गणला जात असेल.

रिपोर्ट बाजूला ठेवा. मागच्या तीन महिन्यांची तिकिटं काढून एक दुपार दार लावून वाचत बसा. आकडे नाही, मजकूर वाचा: लोकांनी काय लिहिलंय आणि तिकीट बंद करताना आपल्या मुलांनी काय लिहिलंय. "सर्व्हिस रीस्टार्ट केली, चालू आहे" हे वाक्य किती वेळा येतं ते दिसेल. आयटिलमध्ये (आयटी सेवा कशी चालवावी याच्या प्रचलित पद्धतींमध्ये) इन्सिडंट सोडवणं आणि प्रॉब्लेम सोडवणं ही दोन वेगळी कामं धरली आहेत, आणि बहुतेक विभाग पहिलंच तेवढं करतात. लेबलची सर्व्हिस पडली, ती उठवली, इन्सिडंट संपला. ती पुन्हा पुन्हा का पडते हे शोधणं दुसरं काम. आता तुमच्या रिपोर्टाच्या नजरेने बघा. सर्व्हिस आठवड्यातून दोनदा पडली आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात उठवली, तर दोन तिकिटं वेळेत बंद. कुणी दोन दिवस बसून मूळ कारण काढलं तर रिपोर्टात त्याची नोंदच नाही, उलट त्या दोन दिवसांत त्याची बाकीची तिकिटं लाल. मग मुलं कारण का शोधतील?

रिपोर्ट बदलायची परवानगी मागत बसू नका. ९६ टक्के आहेत तिथे राहू देत. खाली दोन ओळी वाढवा: ३० दिवसांच्या आत त्याच तक्रारीने परत आलेली तिकिटं किती, आणि सगळ्यात जुनं उघडं तिकीट किती दिवसांचं. पहिल्या महिन्यात हे आकडे वाईट दिसतील. दिसू देत. जिन्यात ऐकू येणाऱ्या तक्रारी आणि तुमचा रिपोर्ट पहिल्यांदाच एकमेकांशी जुळतील.

आता "शंभर टक्के कामात". यावर साहेबांशी वाद घालण्याआधी रांगेचं गणित समोर ठेवा. कामं अनियमित येतात आणि एकच माणूस ती उरकतो असं धरा. तो ५० टक्के वेळ कामात असेल, तर नव्या कामाला सरासरी एका कामाच्या वेळेइतकं थांबावं लागतं. ८० टक्क्यांवर ४ पट, ९० वर ९ पट, ९५ वर १९ पट. म्हणजे अर्ध्या तासाच्या कामासाठी साडेनऊ तास रांगेत. खऱ्या विभागात हिशोब इतका सरळ नसतो, माणूस तातडीचं पुढे घेतो, काही कामं दुसऱ्याकडे जातात. पण शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत सगळं तुंबतं हे मी प्रत्येक ठिकाणी पाहिलंय. तुमचे दादा ९५ वर आहेत. ते हळू काम करतात म्हणून लोक ताटकळत नाहीत, त्यांच्याकडे श्वास घ्यायलाही जागा ठेवलेली नाही म्हणून ताटकळतात.

गूगलने आपल्या साइट रिलायबिलिटी टीमसाठी (सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या टीमसाठी) नियम ठेवला की रोजच्या ऑपरेशनचं काम वेळेच्या ५० टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. उरलेला वेळ ते काम मुळात कमी कसं होईल यासाठी. आपल्यासारख्या विभागाला ५० परवडत नाही. मी दर आठवड्याला दोघांना रांगेतून बाहेर काढते. त्या आठवड्यात हेल्पडेस्कच्या यादीत त्यांचं नावच नसतं. वारंवार येणारे प्रॉब्लेम आणि रखडलेली कामं एवढंच त्यांच्याकडे. दोघं अशासाठी की एकट्याला लोक हमखास ओढून नेतात.

दादांच्या डोक्यातलं बाहेर काढायचं तर माझा एकच नियम असतो: ज्याला येतं त्याचे हात कीबोर्डला लागायचे नाहीत. एका ठिकाणी ईआरपीच्या डेटाबेसचा रिस्टोर, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत चढवणं, आम्ही असा केला. सर्व्हर टेस्टचा. कीबोर्डवर नोकरीला लागून वर्षही न झालेली मुलगी, शेजारी आमचे सीनिअर, पलीकडे एक मुलगा सगळं लिहून घेत होता. सीनिअर सारखे पुढे झुकायचे आणि मी त्यांची खुर्ची मागे ओढायचे. बॅकअपची फाइल सापडली, कमांड गेली, आणि ते म्हणाले, "आता जरा थांब." तिने विचारलं, "किती वेळ?" "थोडा." "पण सर, किती? आणि कशासाठी?" ते स्वतःच विचारात पडले. मग म्हणाले, लॉगमध्ये शेवटची फाइल लागल्याची ओळ येईपर्यंत. त्याआधी ॲप्लिकेशन उठवलं तर ते अर्धवट डेटावर उठतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हे त्यांनी स्वतः कितीही नीट लिहायला घेतलं असतं तरी कागदावर आलं नसतं. तिथे थांबणं ही एक पायरी आहे याची त्यांना जाणीवच नव्हती, हाताला सवय होती. पुढे एका सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड लागला, तो त्यांच्या स्वतःच्या फाइलमध्ये निघाला. त्याच दिवशी तो विभागाच्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये (सगळे पासवर्ड सुरक्षित ठेवण्याच्या जागी) गेला. नंतरच्या खेपेला दुसऱ्या मुलाने फक्त त्या टिपणावरून रिस्टोर केला, सीनिअर खोलीबाहेर. जिथे तो अडला तिथे टिपण दुरुस्त केलं.

पहिला सराव बॅकअपचाच घ्या. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीचं उदाहरण टीमला जरूर सांगा. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री रेप्लिकेशनशी (डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर चालू ठेवण्याशी) झटापट करताना एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाची डिरेक्टरी पुसली. हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअप शोधायला गेले तर नेहमीचा बॅकअप आधीपासून फसत होता आणि तसं कळवणारे मेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावर निभावलं. कंपनीने सगळा तपशील जाहीर केला. बॅकअप परत चढतो का हे नियमित तपासलं का जात नव्हतं, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर असं होतं की त्या कामाला कुणी मालकच नव्हता. म्हणजे ज्या रात्री ते घडलं त्याच्या कितीतरी आधी व्यवस्थापनाकडून एक गोष्ट राहून गेली होती. आपल्या खुर्चीत बसणाऱ्याने त्या अहवालातला तेवढा भाग तरी वाचावाच.

म्हणून प्रत्येक सिस्टिमपुढे दोन नावं लिहा, मालक आणि जोडीदार. जोडीदाराने तीन महिन्यांतून एकदा तरी ते काम एकट्याने केलेलं असलं पाहिजे, नाहीतर त्याचं नाव खोडायचं. आज यादी केलीत तर मालकाच्या रकान्यात जवळपास सगळीकडे दादाच येतील. ती यादी भिंतीवर लावा.

आउटेजनंतरच्या (सिस्टिम बंद पडल्यानंतरच्या) बैठकीबद्दल एकच सांगते. "असं का केलंस?" विचारलं की माणूस बचावाला लागतो आणि खरी माहिती तिथेच गाडली जाते. "त्या वेळी तुझ्या स्क्रीनवर काय दिसत होतं?" असं विचारा. दोन सर्व्हरची नावं एका अक्षराने वेगळी होती, अलर्ट रोज शेकड्याने येतात म्हणून कुणी बघत नाही, असं काहीतरी बाहेर येईल, आणि ते दुरुस्त करता येतं.

नवा_कारभारी

ताई, मनापासून आभार. विभागप्रमुखांना मेल गेला, आणि फोन खरंच कमी झालेत. तिकिटंही वाचली. लेबलची सर्व्हिस माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा पडली होती.

पण दोन ठिकाणी अडलोय. दादांशी सरावाबद्दल बोललो तर ते गप्प झाले आणि म्हणाले, "माझ्यावर भरवसा राहिला नाही का?" मला पुढे बोलताच येईना. आणि सीएफओंना (वित्तप्रमुखांना) दोघांना रांगेबाहेर ठेवण्याची कल्पना सांगितली, तर ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे दोन माणसं जास्त आहेत."

तिसरी_बाजू

माझं थोडं वेगळं मत. पासवर्ड, लॅपटॉप, प्रिंटर हे पहिल्या पातळीचं काम बाहेरच्या एजन्सीला द्या, म्हणजे तुमची माणसं मोकळी होतील. आम्ही तसं केलं आणि फायदा झाला.

फक्त घाई नको. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहिलं होतं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो, कारण नव्यांना शिकवायचं काम जुन्यांवरच पडतं. हेल्पडेस्कलाही ते लागू आहे. सगळं दादांच्याच डोक्यात असताना एजन्सी आणलीत, तर एजन्सीची मुलंही दादांनाच फोन करतील. नेहमीची कामं लिहून झाल्यावर आणा, आणि करारात नुसती बंद केलेली तिकिटं मोजू नका. परत आलेली तिकिटंही मोजा.

सर्व्हररूमवाली

एजन्सीचा क्रम पटला. आधी टिपणं, मग एजन्सी.

दादांचं ऐकून वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही वाटलं. इतकी वर्षं त्यांचा मान कशावर उभा आहे? त्यांच्याशिवाय चालत नाही यावर. तुम्ही तोच आधार काढून घेताय असं त्यांना वाटणारच. दुसरा आधार आधी हातात द्या, मगच हा मागा. जुने सर्व्हर बदलायचं काम रखडलंय म्हणालात ना? त्याची रचना कशी असावी हे त्यांनी ठरवायचं, अंतिम शब्द त्यांचा, आणि हे पत्रावर येऊ दे, जमल्यास हुद्द्यासकट. मोठा चेंज त्यांच्या तपासणीशिवाय जायचा नाही. सराव म्हणजे त्यांची परीक्षा नाही, ते शिकवणार आहेत, आणि शिकवण्याची वेळ कामाच्या वेळेत धरली जाईल. हे मीटिंगमध्ये नको, दोघंच बसून बोला. आणि भरवसा होता म्हणूनच कंपनीने इतकी वर्षं त्यांना सुट्टी घेऊ दिली नाही, हे अन्यायाचं होतं, असं स्पष्ट म्हणा. माझ्या अनुभवात हे वाक्य ऐकल्यावर माणूस मोकळा होतो.

मग त्यांची दोन आठवड्यांची रजा ठरवा. आधीपासून सगळ्यांना माहीत असलेली, फोन बंद ठेवण्याची. मध्ये काही अडलं तर तुम्ही टीमबरोबर बसायचं, त्यांना फोन लावायचा नाही. अपवाद आधीच लिहून ठेवा, एक-दोनच. रजेत जे जे अडेल ती तुमची पुढच्या महिन्याची कामाची यादी.

सीएफओंशी माणसांच्या संख्येवरून बोलू नका. रखडलेल्या कामांची यादी न्या आणि प्रत्येकासमोर एका ओळीत लिहा की हे झालं नाही तर काय बंद पडेल. पॅचिंगसाठी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या तारखा पुरेशा आहेत. मायक्रोसॉफ्टने ती फट बुजवणारा पॅच १४ मार्च २०१७ ला दिला आणि हल्ला १२ मे ला झाला. जवळजवळ दोन महिने हातात होते. तरीही इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना (रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना) त्याचा फटका बसला. सीएफओंना विचारा: आज असा पॅच आला तर दोन महिन्यांत आपल्या सगळ्या मशीनवर तो लागेल का? तुमच्याकडचं खरं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

त्यांनी तरीही दोघांना रांगेत परत टाका म्हटलं, तर टाका. मात्र त्या यादीतली कोणती कामं थांबवायची ते त्यांच्याकडून निवडून घ्या आणि मेलवर लिहून कळवा. भांडणाच्या सुरात नाही. पैशाचा माणूस जोखीम स्वतःच्या नावापुढे लिहिलेली बघतो तेव्हा तो वेगळा विचार करतो, आणि तो करायचा हक्क त्यांना आहेच. आपलं काम त्यांना खरं चित्र दाखवण्याचं.

सराव झाला की इथे कळवा: डेटाबेस किती मोठा आहे, रिस्टोरला किती तास लागले, आणि डिस्पॅच किती तास बंद राहू शकतो असं प्लँटचं म्हणणं आहे. शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा आधी मागा; तो प्लँट मॅनेजरकडूनच घ्या, आयटीतल्या कुणी अंदाजाने लिहू नका.